प्राणी आजारी पडतोय, हे आधी कुठे दिसतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी अकरा वर्षांचा बोका आणि सहा वर्षांची कुत्री आहे. कुत्रीची नसबंदी झालेली नाही. बोका हल्ली खिडकीच्या कट्ट्यावर उडी मारत नाही आणि पाणी जरा जास्त पितो, पण खाणं व्यवस्थित आहे. घरचे म्हणतात, वय झालं त्याचं. ओळखीतलं एक मांजर मध्यंतरी ‘अचानक’ गेलं आणि त्याची मूत्रपिंडं बऱ्याच काळापासून खराब होत होती असं नंतर कळलं. तेव्हा आजार लवकर कसा ओळखायचा, कशासाठी दोन दिवस थांबता येतं आणि कशासाठी नाही?

आधी बोक्याचं सांगते, कारण त्याला पुढच्या महिन्यावर ढकलू नका. उतारवयातलं मांजर पाणी जास्त प्यायला लागलं की रक्त, लघवी आणि रक्तदाब तिन्ही तपासायचं. याच आठवड्यात. ‘खातोय ना, मग काय एवढं’ हा आधार फसवा आहे. मधुमेहाचं मांजर सुरुवातीला दाबून खातं. थायरॉइड वाढलेलं मांजर तर नेहमीपेक्षा जास्त खातं, भांडं रिकामं करून पुन्हा ओरडत येतं. घरच्यांना वाटतं म्हातारपणी भूक छान लागतेय. पाठीवरून हात फिरवला तर मणके लागतात, म्हणजे खाल्लेलं अंगी लागत नाहीये, हे मात्र कोणी पाहत नाही.

आता ‘अचानक’ या शब्दाबद्दल. मांजर, ससा, पक्षी ही सगळी जनावरं दुखणं लपवतात, कारण निसर्गात अशक्त दिसणारं जनावर आधी मारलं जातं. कुत्रा थोडं जास्त दाखवतो, तरी तोही धन्याला पाहून शेपूट हलवतो आणि आपण निश्चिंत होतो. दुसरं म्हणजे शरीर स्वतःच बराच काळ सांभाळून घेतं. मूत्रपिंडांची सुमारे दोन तृतीयांश क्षमता गेल्यावर लघवी पातळ व्हायला लागते आणि तहान वाढते. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं गाळून बाहेर टाकतात तो टाकाऊ घटक) तर साधारण तीन चतुर्थांश क्षमता गेल्यावर मर्यादेबाहेर जातं. म्हणजे आपल्याला जे पहिलं लक्षण वाटतं ते आजाराच्या हिशेबानं बरंच उशिराचं असतं. ओळखीतलं ते मांजर एका रात्रीत आजारी पडलेलं नव्हतं.

म्हणून लोक मला लक्षणांची यादी मागतात तेव्हा मी उलटं विचारते: तुमचा प्राणी बरा असताना कसा असतो? किती पितो, कुठे झोपतो, दारावरची बेल वाजली की काय करतो, ट्रेमध्ये दिवसाला लघवीचे किती गोळे निघतात? हे सांगता आलं तर आजार लवकर सापडतो. आजाराची पहिली खूण बहुतेक वेळा मोडलेली सवय असते. उलटी, ताप, लंगडणं हे सगळं त्यानंतर येतं.

सगळ्यात खात्रीचं म्हणजे पाणी, कारण ते मोजता येतं. सकाळी भांड्यात मोजून पाणी घाला, चोवीस तासांनी उरलेलं मोजा, असं तीन दिवस करा आणि सरासरी काढा. मांजर दिवसाला किलोमागे ५० मिलीपेक्षा जास्त आणि कुत्रा किलोमागे १०० मिलीपेक्षा जास्त पीत असेल तर ते नक्कीच जास्त आहे. चार किलोच्या बोक्याला ही सीमा २०० मिली. पण बहुतेक मांजरं या आकड्याच्या बरीच खाली असतात, त्यामुळे जो आयुष्यभर ७० मिली पीत होता तो १४० वर गेला तर तेही मी गंभीरच धरते. ओल्या खाण्यावरून कोरड्यावर आणलं असेल तर तहान वाढणारच, कारण ओल्या खाण्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं. उकाडा आणि स्टेरॉइडच्या गोळ्या यांनीही तहान वाढते. दोन प्राणी एकाच भांड्यातून पीत असतील तर मोजणं अवघड होतं, तेव्हा ट्रेकडे बघा. लघवीचे गोळे मोठे आणि जास्त व्हायला लागले की उत्तर मिळालं. एक काम मात्र कधीही करू नका: घरात लघवी करतो म्हणून पाणी कमी करणं. मूत्रपिंड बिघडलेल्या जनावराला पाणी तोडलं तर ते एक-दोन दिवसांत कोसळू शकतं.

लघवीचाच दुसरा प्रकार याच्या अगदी उलट असतो. बोका ट्रेमध्ये पुन्हापुन्हा जातो, कुंथतो, दोन थेंब येतात किंवा काहीच येत नाही, बाहेर येऊन खालचा भाग चाटत बसतो. जवळजवळ प्रत्येक घरात याला बद्धकोष्ठ समजतात आणि जुलाबाचं काहीतरी देऊन सकाळची वाट पाहतात. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते, खडे आणि चिकट गाळ तिच्यात अडकतो. लघवी तुंबली की रक्तात पोटॅशियम वाढतं, हृदयाचे ठोके मंदावतात आणि एक-दोन दिवसांत मृत्यू येतो. लघवी होत नसलेला बोका रात्री दोन वाजता आढळला तर रात्री दोनलाच न्यायचा. या एका गोष्टीत मी कुणालाही थांबायला सांगत नाही. मांजरीत हे क्वचित होतं, पण तिच्या लघवीत रक्त दिसलं किंवा ती ट्रे सोडून फरशीवर करायला लागली तर तो खोडसाळपणा नाही. मूत्राशयाला सूज असते आणि तिला ट्रेमध्ये दुखलेलं आठवतं.

वजनाकडे फार कमी लोक लक्ष देतात. रोज डोळ्यांसमोर असलेलं जनावर वाळताना दिसत नाही, लांब केसांचं तर नाहीच. चार किलोच्या मांजराचं ४०० ग्रॅम वजन घटणं म्हणजे दहा टक्के. पासष्ट किलोच्या माणसाचे साडेसहा किलो काही न करता उतरले तर घर हादरेल. महिन्यातून एकदा त्याला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभं राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा आणि तारखेसह लिहून ठेवा. लहान मांजर, ससा किंवा पक्षी असेल तर स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा उत्तम. काट्याबरोबर हातही वापरा. बरगड्या, मणका, पुठ्ठ्याचे स्नायू चाचपा. पोट मोठं आणि पाठीचे स्नायू गेलेले असतील तर काट्यावरचा आकडा तसाच राहूनही जनावर खंगत असतं.

आता उडी. सांधेदुखी असलेलं मांजर सहसा लंगडत नाही, ते फक्त करायचं ते सोडून देतं. कट्ट्यावर एका झेपेत जाणारं आधी खुर्चीवर, मग कट्ट्यावर जातं, पुढे जातच नाही. पाठीचा मागचा भाग चाटायला वळता येत नाही म्हणून तिथे जटा होतात. नखं घासली जात नाहीत, जाड होऊन वळतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे पाहिले, तेव्हा ९० जणांच्या सांध्यांत किंवा मणक्यात झीज दिसली होती. त्यातल्या बहुतेकांच्या घरी ‘वय झालं’ एवढंच म्हटलं जात असणार. वय हा आजार नाही. सांधेदुखीवर मांजरांसाठी चांगली औषधं आहेत, फक्त त्याआधी मूत्रपिंडं तपासावी लागतात, आणि तुमच्या बोक्याला तर पाण्याचंही लक्षण आहे. तो चालताना मागच्या पायांची टाच जमिनीला टेकवतो का, हेही पाहा. मधुमेहात नसा दुबळ्या झाल्या की मांजर तसं चालतं. आणि मागचे पाय एकाएकी लुळे पडले, गार लागले, मांजर वेदनेनं ओरडायला लागलं तर ती रक्ताची गुठळी असते. तिथे घड्याळ पाहायचं नाही, निघायचं.

रक्तदाब मी मुद्दाम सांगितला. मूत्रपिंडाच्या किंवा थायरॉइडच्या आजारात मांजराचा रक्तदाब वाढतो आणि डोळ्याचा पडदा सुटून दृष्टी जाते. घरच्यांना इतकंच दिसतं की उजेडातही बाहुल्या मोठ्या आहेत आणि ते फर्निचरला धडकतंय. त्याआधी वर्षभर रक्तदाब मोजला असता तर डोळे वाचले असते, असं मी अनेकांना सांगितलंय, आणि ते सांगायला मला अजूनही जड जातं.

खाण्याबद्दल ‘खातो की नाही’ यापेक्षा ‘कसा खातो’ हे पाहा. भांड्यापर्यंत उत्सुकतेनं येऊन, वास घेऊन, ओठ चाटत मागे फिरणारं जनावर बहुधा मळमळीनं त्रासलेलं असतं. खायला जातं, दाणा तोंडातून खाली पडतो, मान एका बाजूला करून चावतं किंवा मधेच किंचाळून पळतं, तर दात. तोंडाला घाण वास येणं याला ‘कुत्र्याच्या तोंडाला येतोच’ म्हणून सोडू नका, तो हिरड्यांच्या आजाराचा वास असतो. मांजर पूर्ण चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर फोन करा. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साठून यकृत निकामी व्हायला लागतं, मूळ आजार काहीही असो. कुत्रा एक वेळ जेवला नाही आणि बाकी खेळतोय तर दुसऱ्या दिवसापर्यंत बघायला हरकत नाही. सशाचं गणित वेगळं आहे: दहा-बारा तास खाल्लं नाही, लेंड्या थांबल्या, दात खात कोपऱ्यात बसला तर त्याच दिवशी डॉक्टर हवा, कारण त्याचं आतडं थांबलं की ते आपोआप सुरू होत नाही.

तुमच्या कुत्रीसाठी एक गोष्ट कॅलेंडरवर लिहून ठेवा, ती म्हणजे माजाची तारीख. नसबंदी न झालेल्या मध्यमवयीन कुत्रीला माज संपल्यावर साधारण चार ते आठ आठवड्यांत गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. त्या काळात पाणी जास्त पिणं, मलूल होणं, अन्नावरून मन उडणं, उलटी, पोट फुगल्यासारखं वाटणं, यातलं काहीही दिसलं तर सोनोग्राफी करून घ्या. खालून पू येत असेल तर निदान कळतं तरी. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर बाहेर काहीच येत नाही आणि तोच प्रकार जास्त घातक. पिल्लं नको असतील तर कुत्री तब्येतीनं चांगली असतानाच नसबंदीचा विचार करा. पू झालेल्या अवस्थेतली शस्त्रक्रिया फार जोखमीची असते.

गोचीड चावल्यानंतरचे ताप कुत्र्यांमध्ये दबक्या पावलांनी येतात. दोन दिवस सुस्ती, मग बरं, पुन्हा सुस्ती. हिरड्या फिकट पडणं, पोटाच्या कातडीवर सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके, नाकातून रक्त, गडद तपकिरी लघवी: यातलं एकही दिसलं तर गोचीड सापडली नाही म्हणून निर्धास्त राहू नका. ती कधीच गळून पडलेली असते. लसीकरण पूर्ण न झालेल्या पिल्लाला उलट्या आणि जुलाब सुरू झाले, विशेषतः रक्ताचे, तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नका. पार्व्हो या आतड्याच्या विषाणूजन्य आजारात पिल्लू आधी निर्जलीकरणानं जातं.

हिरड्यांचा उल्लेख आलाच आहे तर त्या बघायची सवय आजपासूनच लावा, म्हणजे त्याचा नेहमीचा रंग तुम्हाला पाठ होईल. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओलसर असते. बोटानं दाबली की पांढरी होते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. पांढरट, निळसर, पिवळी, विटकरी लाल किंवा मातकट तपकिरी झाली तर लगेच निघा. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतः काळ्या असतात, त्यांच्यात खालच्या पापणीची आतली बाजू पाहा. नाक कोरडं की ओलं यावरून मात्र काहीच ठरत नाही, झोपून उठलेल्या कुत्र्याचं नाक कोरडंच असतं. तापाची शंका असेल तर गुदद्वारात थर्मामीटर लावून मोजायचा. कुत्रा आणि मांजर दोघांचंही तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणून अंग गरम लागलं की घाबरू नका. १०३ च्या वर दोनदा आलं तर फोन करा.

श्वास मोजणं ही घरी करता येणारी सगळ्यात मोलाची तपासणी आहे असं माझं मत आहे, आणि ती फुकट आहे. प्राणी गाढ झोपलेला असताना छाती वर जाऊन खाली आली की एक, असं एक मिनिट मोजा. कुत्रा असो वा मांजर, झोपेतला आकडा ३० च्या आत राहतो. सलग दोन-तीन झोपांत तो ३० च्या वर गेला तर हृदय किंवा फुप्फुसांकडे बघावं लागतं, बाहेरून जनावर कितीही ठणठणीत दिसलं तरी. हृदयविकार असलेल्या कुत्र्याच्या फुप्फुसांत पाणी भरतंय हे खोकल्याच्या आधी या आकड्यात दिसतं. मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल तर तो जवळपास नेहमीच आणीबाणीचा प्रकार असतो. तसंच मान पुढे ताणून, जमिनीलगत बसून खोकणाऱ्या मांजराला ‘केसांचा गोळा अडकलाय’ म्हणून सोडून देतात, आणि गोळा कधीच बाहेर येत नाही. अनेकदा तो दमा असतो. त्याचा व्हिडिओ काढून दाखवा. दवाखान्यात आल्यावर जनावर हमखास खोकायचं थांबतं.

वेदना चेहऱ्यावरही दिसते. माँट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ साली मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पट्टी प्रसिद्ध केली. त्यात कान, डोळे, मुस्कट, मिशा आणि डोकं या पाच गोष्टी पाहतात. कान बाहेरच्या बाजूला वळलेले आणि एकमेकांपासून लांब गेलेले, डोळे मिचकावल्यासारखे बारीक, मुस्कट ताणलेलं, मिशा ताठ, डोकं खांद्याच्या खाली गेलेलं. असं मांजर शांत बसलेलं दिसतं, म्हणूनच ते निसटतं. पलंगाखाली लपणं, हात लावला की फिस्कारणं, नेहमी मांडीवर येणाऱ्यानं येणं सोडणं, हेही बहुतेकदा दुखण्याचंच बोलणं असतं.

कुत्र्याचा स्वभाव एकाएकी बदलला, लाळ गळतेय, जबडा लोंबतोय, गिळता येत नाही, तर घशात हाड अडकलंय समजून तोंडात हात घालू नका. रेबीज असाच दिसू शकतो. त्याला वेगळ्या खोलीत बंद करा आणि आधी फोन करा.

पक्ष्यांबद्दल थोडक्यात: पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला किंवा श्वासागणिक शेपटी वरखाली करणारा पक्षी आजारी नाही, अत्यवस्थ आहे. त्याचं वजन दर आठवड्याला त्याच वेळी करा आणि विष्ठेतले हिरवट, पांढरे आणि पाणीदार असे तिन्ही भाग ओळखायला शिका.

मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगलंय आणि तो ओकायचा प्रयत्न करतोय पण बाहेर फेसाशिवाय काही येत नाही, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. इथे हिशेब तासांचा असतो. झटका पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला किंवा एकामागून एक आले, उन्हातून येऊन जनावर धापा टाकत लडखडतंय, विष खाल्ल्याची शंका आहे, तरीही असंच. उलटी एखादी झाली आणि जनावर नंतर ताजंतवानं आहे, शी थोडी सैल आहे पण खेळतंय, एखाद्या ठिकाणी खाजवतंय, इथे एक-दोन दिवस नीट लक्ष ठेवून थांबता येतं. मात्र मांजर दर आठवड्याला ओकत असेल तर तो स्वभाव नव्हे, ते आतड्याचं काहीतरी असतं.

थांबण्याच्या काळात माणसांची औषधं अजिबात देऊ नका. पॅरासिटामॉलच्या एका गोळीनं मांजर मरू शकतं, कारण ते पचवायची यंत्रणाच त्याच्या यकृतात तोकडी असते. आयबुप्रोफेन कुत्र्याच्याही जठराला आणि मूत्रपिंडांना बाधतं. घरात लिलीची फुलं आणत असाल तर ती बंद करा. तिचे पराग अंगावरून चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात.

बोक्याला नेताना पाण्याची तीन दिवसांची मापं, वजन, तो चालतानाचा आणि उडी टाळतानाचा व्हिडिओ सोबत घ्या. लघवीचा नमुना घरी मिळाला नाही तरी चालेल, डॉक्टर सुईनं थेट मूत्राशयातून घेऊ शकतात आणि तो जास्त स्वच्छ असतो. क्रिएटिनिनसोबत एसडीएमए हा रक्तातला दुसरा घटक तपासता येईल का विचारा, ते मूत्रपिंडाच्या आजारात लवकर वाढतं. कुत्रीचंही एकदा रक्त तपासून घ्या, ती ठणठणीत असतानाच. क्रिएटिनिन प्रयोगशाळेच्या मर्यादेत असलं तरी मागच्या वर्षीच्या ०.८ वरून यंदा १.३ झालं असेल तर ते मला बरंच काही सांगतं, आणि मागचा आकडाच नसेल तर तोच १.३ अहवालात ‘सामान्य’ म्हणून छापून येतो. सात वर्षांपर्यंत वर्षातून एकदा, पुढे दर सहा महिन्यांनी तपासणी ठेवा आणि सगळे अहवाल एकाच फायलीत लावून प्रत्येक वेळी बरोबर आणा.